शंकर पुरुषोत्तम आघारकर

*हा लेख वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्याविषयी आहे. 'केसरी'चे पहिले संपादक आणि समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर ही वेगळी व्यक्ती आहे.*

शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८ नोव्हेंबर १८८४, मालवण – २ सप्टेंबर १९६०) हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ, निसर्ग अभ्यासक आणि विज्ञानसंस्थांचे संघटक होते. सातारा जिल्ह्यातील सह्याद्रीच्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली. ज्या प्रजातीगटाचे प्राणी तोवर केवळ आफ्रिकेतून ज्ञात होते, त्यातील एक प्राणी कृष्णेच्या उपनद्यांत सापडल्यामुळे गोड्या पाण्यातील प्लवकांच्या अभ्यासात या शोधाला महत्त्वाचे स्थान मिळाले. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर, १९४६ साली, त्यांच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधन संस्था उभी राहिली आणि मृत्यूपर्यंत ते तिचे संचालक होते. या संस्थेला १९९२ मध्ये आघारकर संशोधन संस्था असे नाव देण्यात आले.

## जन्म आणि शिक्षण

आघारकर यांचा जन्म मालवण येथे झाला. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले तरी त्या काळी ते रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे शालेय शिक्षण धारवाड येथे झाले. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. तेथून निसर्गविज्ञानातील एम. ए. ही पदवी घेतल्यावर ते त्याच महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागले.

वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्यातील आजची काटेकोर विभागणी त्या वेळी रूढ झालेली नव्हती. जीवशास्त्राच्या अध्यापकाला दोन्ही विषय शिकवावे लागत आणि नमुने बहुधा स्वतःच गोळा करावे लागत. आघारकर सुट्ट्यांमध्ये सह्याद्रीत हिंडून वनस्पती, गोड्या पाण्यातील स्पंज आणि इतर जलचर जमवीत असत. त्यांनी जमविलेले नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये पोहोचत. संग्रहालयाचे अधीक्षक थॉमस नेल्सन ॲनंडेल त्या सुमारास भारतातील गोड्या पाण्यातील स्पंज, हायड्रॉइड आणि पॉलिझोआ यांवर ग्रंथ तयार करीत होते. हा ग्रंथ १९११ मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत प्रसिद्ध झाला. अखिल भारतीय पातळीवरील संशोधनाशी आघारकरांचा संबंध या नमुन्यांमुळेच आला.

## गोड्या पाण्यातील जेलीफिशचा शोध

### पार्श्वभूमी

जेलीफिश हा समुद्रातील प्राणी, अशीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सर्वसाधारण समजूत होती. १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील व्हिक्टोरिया कमळाच्या कुंडात गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली. ती कोठून आली हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते. १८८३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात दुसऱ्या एका प्रकारची जेलीफिश दिसली. दहा वर्षांनंतर, १८९३ साली, तिचे शास्त्रीय वर्णन होऊन तिला *लिम्नोक्निडा टांगानिकी* हे नाव मिळाले.

टांगानिकातील या प्राण्यामुळे एक मोठा वाद उभा राहिला. या सरोवरातील जेलीफिश आणि गोगलगाई समुद्री प्राण्यांसारख्या दिसतात, त्या अर्थी हे सरोवर प्राचीन समुद्राचा आत अडकून राहिलेला भाग असावे, असे मत जे. ई. एस. मूर यांनी मांडले. त्यानंतरच्या काळात हीच किंवा हिच्याशी जवळचे नाते असलेली जेलीफिश आफ्रिकेतील इतर सरोवरांत आणि नद्यांतही सापडत गेली आणि मूर यांचे अनुमान दुबळे पडत गेले. तरीही *लिम्नोक्निडा* हा वंश आफ्रिकेपुरताच मर्यादित आहे, हे गृहीत कायम होते.

### सातारा जिल्ह्यातील शोध

१९११ च्या एप्रिल-मे महिन्यांत आघारकरांना पश्चिम घाटातील प्रवाहांत गोड्या पाण्यातील जेलीफिश मिळाल्या. हे नमुने त्यांनी ॲनंडेल यांच्याकडे पाठविले. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील *लिम्नोक्निडा* आणि हे नमुने यांच्यातील साम्य इतके होते की, दोन्ही एकच प्रजाती असावी असे आरंभी वाटले. अधिक तपासणीनंतर भारतीय प्राणी वेगळा असल्याचे ठरले आणि १९१२ मध्ये ॲनंडेल यांनी त्याचे वर्णन *लिम्नोक्निडा इंडिका* या नावाने केले.

प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे त्याचे प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव लिहिण्याचा संकेत आहे. त्यामुळे या प्रजातीच्या नावापुढे शोधकर्ते आघारकर यांचे नव्हे, तर ॲनंडेल यांचे नाव येते. तुलनेसाठी लागणारे संग्रह, ग्रंथालय आणि नियतकालिक या तिन्ही गोष्टी त्या काळी कलकत्त्याच्या संग्रहालयात एकत्र उपलब्ध होत्या. मुंबईत काम करणाऱ्या भारतीय अध्यापकाला त्या सहजी मिळण्याजोग्या नव्हत्या. पुढील आयुष्यात आघारकरांनी वनस्पतिसंग्रह आणि संशोधन संस्था उभारण्यावर जो भर दिला, तो या परिस्थितीच्या संदर्भात पाहता येतो.

नवा प्राणी नोंदविला गेला, तरी तो कोठे आणि कसा राहतो हे प्रश्न शिल्लक होते. त्यासाठी १९१२ मध्ये इंडियन म्युझियमचे फ्रेडरिक हेन्री ग्रेव्हली आणि आघारकर यांनी सातारा जिल्ह्यात क्षेत्रीय अभ्यास केला. या प्राण्याच्या सवयी आणि प्रसार यांवरील त्यांचे संयुक्त टिपण त्याच वर्षी 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आघारकरांनी पुढील वर्षी या विषयावर आणखी एक टिपण स्वतंत्रपणे लिहिले. 

### शोधाचे महत्त्व

कोयना ही कृष्णेची उपनदी महाबळेश्वरच्या डोंगररांगेत उगम पावून कराड येथे कृष्णेला मिळते. वेण्णा हीदेखील त्याच परिसरात उगम पावते आणि साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेला मिळते. या नद्यांचे उगम अरबी समुद्रापासून फार दूर नाहीत. परंतु त्यांचे पाणी घाटाच्या पूर्व उतारावरून वाहते आणि संपूर्ण दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. अशा नदीच्या वरच्या टप्प्यात जेलीफिश सापडल्यावर, ती अलीकडच्या काळात समुद्रातून वर चढून आली, असे म्हणणे अवघड झाले. भारत आणि आफ्रिका यांच्या गोड्या पाण्यातील प्राण्यांत जुने नाते आहे का, हा प्रश्न त्यामुळे अधिक ठळकपणे पुढे आला. पश्चिम घाटातील काही मासे, खेकडे आणि वनस्पती यांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला जातो. भारत आणि आफ्रिका हे एकेकाळी गोंडवन या महाखंडाचे भाग होते, हे आज सर्वमान्य आहे. १९१२ मध्ये मात्र भूखंडांच्या विस्थापनाचा सिद्धांत नुकताच मांडला जात होता.

*लिम्नोक्निडा इंडिका*ची नोंद पुढे पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील भागांतूनही झाली.

## जेलीफिश आणि पाण्याचा ऋतुक्रम

आघारकरांना जेलीफिश एप्रिल-मे महिन्यांत मिळाल्या, हा योगायोग नव्हता. या प्राण्याच्या जीवनचक्रात दोन अवस्था असतात. पॉलिप ही अवस्था अत्यंत सूक्ष्म असून ती दगड किंवा पाणवनस्पती यांना चिकटून राहते आणि बहुधा नजरेस पडत नाही. पाणी तापले आणि अन्न मुबलक झाले की पॉलिपपासून मुकुलनाने छत्रिके, म्हणजे पोहणाऱ्या जेलीफिश, तयार होतात. ही छत्रिके साधारणतः एक-दोन सेंटिमीटर व्यासाची आणि पारदर्शक असतात. ती काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात. प्रवाहाच्या जोराला न जुमानता पोहण्याची ताकद त्यांच्यात नसल्याने त्यांची गणना प्लवकांत होते.

सह्याद्रीतील नद्यांमध्ये ही संधी वर्षातून थोडाच काळ मिळते. जून ते सप्टेंबर या काळात नद्या दुथडी भरून वाहतात. पाणी गढूळ असते, सूर्यप्रकाश खोल पोहोचत नाही आणि तरंगणारे सूक्ष्मजीव प्रवाहाबरोबर वाहून जातात. मात्र रानातून आणि शेतांतून धुपून आलेल्या मातीबरोबर जीवाणू आणि सेंद्रिय द्रव्ये पाण्यात मोठ्या प्रमाणात उतरतात. पावसाळा सरल्यावर गाळ खाली बसतो, पाणी निवळते आणि डायाटम व हिरव्या शैवलांची वाढ सुरू होते. हिवाळ्यात प्रवाह बारीक होत जातो.

मार्चनंतर बहुतेक ठिकाणी नदी सलग वाहत नाही. पात्रात अंतराअंतरावर डोह तेवढे उरतात. या उबदार आणि जवळजवळ स्थिर पाण्यात पोषकद्रव्यांची घनता वाढते. नील-हरित शैवले आणि जीवाणू वाढतात. त्यांच्यावर जगणारे रोटिफर, पाणपिसवा आणि कोपेपॉड यांसारखे प्राणिप्लवकही विपुल होतात. हे प्राणिप्लवक जेलीफिशचे भक्ष्य असल्यामुळे तिच्या दृष्टीने हाच काळ अनुकूल ठरतो. जूनमध्ये पहिला पूर आला की डोह पुन्हा नदीत मिसळतात आणि छत्रिके दिसेनाशी होतात. तळाशी चिकटलेल्या अवस्थेमुळे वंश टिकून राहतो.

नदीवर धरण बांधल्यावर हा क्रम बदलतो. जलाशयात पाणी वर्षभर साठून राहते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, खालचा थंड राहतो आणि दोन्ही सहजी मिसळत नाहीत. वरच्या थरात वनस्पतिप्लवक वाढतात, तर तळाशी मेलेल्या प्लवकांचे विघटन करणारे जीवाणू प्राणवायू संपवीत जातात. खालच्या थरातील प्राणवायू फारच कमी झाल्यास तेथे प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंचे प्राबल्य होते. पावसाळ्यातील नव्या पाण्याने किंवा हिवाळ्यातील गारव्याने थर मिसळले की तळातील पोषकद्रव्ये वर येतात आणि शैवलांची नवी लाट येते. पिण्याच्या पाण्याचा वास, रंग आणि शुद्धीकरणाचा खर्च या बदलांवर अवलंबून असल्याने आज जलाशयांतील प्लवक व जीवाणू यांचा ऋतुनिहाय अभ्यास केला जातो.

आघारकर आणि ग्रेव्हली यांच्या काळात कोयनेवर धरण नव्हते. कोयना धरण १९६० च्या दशकात पूर्ण झाले आणि खोऱ्याचा मोठा भाग शिवसागर जलाशयाखाली गेला. वेण्णेवरही पुढे कण्हेर येथे धरण झाले. त्यामुळे १९११ ते १९१३ या काळातील नोंदी धरणपूर्व नद्यांच्या जीवसृष्टीची दुर्मीळ साक्ष ठरतात. धरणामुळे गोड्या पाण्यातील जेलीफिश नाहीशी होतेच, असे मात्र नाही. आफ्रिकेतील झांबेझी नदीवरील करिबा जलाशयात *लिम्नोक्निडा* चांगलीच स्थिरावल्याची नोंद आहे.

## कलकत्त्यास प्रयाण

जेलीफिशच्या शोधामुळे आघारकरांचा इंडियन म्युझियमशी निकटचा संबंध आला आणि ॲनंडेल व त्यांचे सहकारी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात मोठे बदल घडत होते. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाची योजना आखली होती. तारकनाथ पालित आणि राशबिहारी घोष या दोन नामवंत कायदेपंडितांनी तीसाठी भरघोस देणग्या दिल्या. घोष यांनी १९१३ मध्ये दिलेल्या दहा लाख रुपयांतून चार प्राध्यापकपदे निर्माण झाली. ही पदे भारतीयांनाच मिळावीत, अशी अट होती. वनस्पतिशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदासाठी आघारकरांची निवड झाली. भौतिकशास्त्राच्या पदावर देबेंद्र मोहन बोस यांची नेमणूक झाली होती.

## जर्मनीतील वास्तव्य

प्राध्यापकपदाचे काम सुरू करण्यापूर्वी परदेशात प्रगत शिक्षण घेण्यासाठी आघारकर १९१४ मध्ये जर्मनीला गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून जर्मनीच्या दृष्टीने ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. बर्लिनला गेलेले बोस हेही युद्धामुळे तेथेच अडकून पडले. कलकत्त्यात नव्या विज्ञान महाविद्यालयाची उभारणी चालू असताना त्याचे दोन घोष प्राध्यापक जर्मनीबाहेर पडू शकत नव्हते.

स्थानबद्धतेतून सुटका झाल्यावर आघारकरांनी बर्लिन येथे ॲडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. एंग्लर हे बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे संचालक आणि वनस्पती-भूगोलाचे जगन्मान्य अभ्यासक होते. वायव्य भारतातील रुक्ष प्रदेशांत आणि खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींची प्रसारसाधने व त्यांचे मूळस्थान, हा आघारकरांच्या प्रबंधाचा विषय होता. १९१९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. हा प्रबंध जर्मन भाषेत एंग्लर यांच्या नियतकालिकात १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

प्राण्यांकडून वनस्पतींकडे वळल्यावरही आघारकरांच्या संशोधनाचे मूळ सूत्र बदलले नाही. एखादा सजीव विशिष्ट ठिकाणी कसा आला, कोणत्या मार्गाने पसरला आणि कोणत्या परिस्थितीत टिकला, हेच प्रश्न सातारा जिल्ह्यातील जेलीफिशबाबत होते आणि राजस्थान-सिंधच्या वाळवंटी वनस्पतींबाबतही तेच होते.

## कलकत्ता विद्यापीठातील कार्य

भारतात परतल्यावर आघारकरांनी कलकत्ता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात काम सुरू केले आणि १९४६ पर्यंत तेथे अध्यापन व संशोधन केले. हा विभाग बालीगंज येथील विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीत होता. तेथेच पॉल ब्र्यूल आणि कालिपद बिस्वास यांनी गोड्या पाण्यातील शैवलांचा अभ्यास केला. मणिपूरमधील लोकटाक सरोवरातील शैवलांवरील त्यांचे काम १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले.

### जलपर्णीचा अभ्यास

बंगालमध्ये त्या काळी जलपर्णीने गंभीर रूप धारण केले होते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही शोभेची वनस्पती नद्या, कालवे आणि बिले यांत पसरून नौकानयन, भातशेती आणि मासेमारी यांना बाधा आणीत होती. सरकारने १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३६ मध्ये बंगालमध्ये जलपर्णी निर्मूलनाचा कायदा झाला. आघारकर आणि आय. बॅनर्जी यांनी जलपर्णीचे परागण आणि बीजनिर्मिती यांचा अभ्यास केला. त्यांचा लेख १९३० मध्ये भारतातील कृषिविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व होते. जलपर्णी केवळ फुटव्यांनी पसरत असेल, तर तरंगती झाडे काढून नष्ट करणे पुरेसे ठरले असते. बीजेही रुजत असतील, तर ती चिखलात दीर्घकाळ टिकून स्वच्छ केलेले तळे पुन्हा भरू शकतात. मग एकदाच केलेली सफाई पुरत नाही. महाराष्ट्रातील नद्या आणि तलावांतून दरवर्षी जलपर्णी काढावी लागते, त्यामागे हेच जीवशास्त्र आहे.

### विज्ञानसंस्थांतील सहभाग

आघारकरांनी भारतीय विज्ञान काँग्रेसचे सरचिटणीस म्हणून काम पाहिले. १९३५ मध्ये कलकत्ता येथे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना झाली, तेव्हा ते तिचे संस्थापक सदस्य होते. हीच संस्था आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाते.

## महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी

कलकत्त्यातील वास्तव्यात आघारकरांसमोर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेचा आदर्श होता. महेंद्रलाल सरकार यांनी ही संस्था १८७६ मध्ये लोकवर्गणीतून सुरू केली होती. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नोबेल पारितोषिक मिळविणारे संशोधन तेथेच झाले. 

१९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना झाली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. त्या वेळी त्यांचे वय एकसष्टच्या पुढे होते. नवी संस्था उभी करताना जागा, निधी, ग्रंथ आणि उपकरणे यांची जमवाजमव करण्यापासून सुरुवात होती. संस्थेत वनस्पतिशास्त्राबरोबर कवकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पिकांच्या सुधारणेवर संशोधन होऊ लागले. औषधी वनस्पतींविषयीचे आघारकरांचे लेखन मुंबई राज्याच्या गॅझेटियरच्या वनस्पतिविषयक खंडाचा पहिला भाग म्हणून १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

## मृत्यू आणि वारसा

आघारकर यांचे २ सप्टेंबर १९६० रोजी निधन झाले. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेला १९९२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालणारी ही स्वायत्त संस्था पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे. आघारकर आणि आगरकर या दोन आडनावांतील साम्यामुळे संस्थेचे नाव समाजसुधारक आगरकरांवरून पडले असावे, असा गैरसमज अनेकांचा होतो.

संस्थेने विकसित केलेले गहू व सोयाबीनचे वाण आजही 'एमएसीएस' या आद्याक्षरांनी ओळखले जातात. ही महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. संस्थेतील वनस्पतिसंग्रहाच्या नावातही आघारकरांचे नाव आहे. भारतातील कवकांचा राष्ट्रीय संवर्धसंग्रह याच संस्थेत असून, भातखाचरांसारख्या पाणथळ जागी मिथेन वायूवर जगणाऱ्या जीवाणूंवरही येथे संशोधन झाले आहे. नमुने पाठवून निष्कर्षाची वाट पाहणाऱ्या अध्यापकाला १९११ मध्ये जे संग्रह आणि प्रयोगशाळा कलकत्त्यात शोधाव्या लागल्या, त्या महाराष्ट्रातील संशोधकांना या संस्थेमुळे पुण्यात उपलब्ध झाल्या.